अक्का, कण्या निवताहेत

अक्का, कण्या मला येतात. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही जिथं असाल तिथं चार बायका गोळा करून म्हणत असाल, "आमच्या सुमनला पुस्तकं येत्यात, कण्या नाय." येतात. पाण्याला उकळी फुटली की मीठ टाकायचं, ज्वारीच्या कण्या एका हातानं वैरायच्या आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहायची, म्हणजे गुठळी होत नाही. मग आच बारीक करून झाकण ठेवायचं आणि मुरू द्यायच्या. खाली उतरवल्या की ताक आणि ठेचलेला लसूण. यात न येण्यासारखं काय आहे? मी रोज सकाळी करतेय. रोज बऱ्या होतात. आणि रोज पितळीत तशाच राहायच्या.

दादा जेवत नव्हते, अक्का.

तुम्ही गेल्याला अजून महिनाही झाला नाही. काय झालं, कसं झालं, शेवटी कोण जवळ होतं, हे सगळं मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलंय की आता पुन्हा लिहायची ताकद नाही. तुम्हाला ते माहीतच आहे. तुम्हाला माहीत नाही ते नंतरचं. सुतकाच्या घरात कोण किती खातंय हे कुणी बघत नाही. सायखेड्याहून भावकीनं कडू घास आणला, पिठलं-भाकरी. दादांनी त्यातला तुकडा मोडला, तोंडात घातला, वर पाणी प्यायले. सगळ्यांना वाटलं, झालं. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गाडीनं परत गेले. भांडी घासून जागच्या जागी लागली आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं, की या माणसाच्या पोटात चहाशिवाय काही जात नाही. सकाळी चहा, कामावर चहा, घरी आले की पुन्हा चहा. ह्यांनी एकदा हाताला धरून पाटावर बसवलं, तर म्हणाले, "भूक नाय." तुम्हाला हे दोघे भाऊ माहीत आहेत. थोरल्यानं "भूक नाय" म्हटलं की धाकटा "बरं" म्हणतो आणि दुकानाला निघून जातो.

आणि मी काही बोलू शकत नव्हते. हे तुम्हाला सांगायला नको, पण मला एकदा स्वतःशीच नीट म्हणून बघायचंय. मी लग्न होऊन या घरात आले, माझी छाया आता माझ्या खांद्याला लागली, आणि एवढ्या काळात मी दादांशी, माझ्या थोरल्या दिरांशी, एक शब्द बोललेले नव्हते. भांडण नाही, तंटा नाही. रीत. थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच नाही. सायखेड्याच्या घरात ही रीत पाळायला निदान जागा होती. इथं नाशिकरोडला दोन खोल्या, मध्ये दार, दाराला पडदा. दादा बाहेर पाटावर, मी आत स्टोव्हपाशी, हात लांब केला तर पितळी पोचेल. तरी बोलायचं नाही. शाळेत मी हेडमास्तरांना तोंडावर सुनावते, हे माझ्याबरोबरच्या बाईंनी कधी घरी येऊन पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

पण मला कधी अडचण झाली नाही, कारण मध्ये तुम्ही होता, माझ्या थोरल्या जाऊबाई. दादा म्हणायचे, "मीठ कमी हे वाटतं." मी आत ऐकायची. तुम्ही पडदा बाजूला सारून मला सांगायच्या, "मीठ कमी हे म्हणत्यात." मी म्हणायची, "वरून घ्या म्हणावं." ते त्यांनी ऐकलेलं असायचं. तुम्ही वळून त्यांना सांगायच्या, "वरून घ्या म्हणती." मग मिठाची वाटी पडद्याखालून सरकायची. छाया लहान असताना हे सगळं टकामका बघत बसायची. एक दिवस तिनं विचारलं, "मोठ्या आई, मोठ्या बाबांना ऐकू येत नाही का?" तुम्ही इतक्या हसलात की भिंतीला टेकून खाली बसलात. दादाही हसले असावेत, कारण पडद्यापलीकडून ठसका लागल्याचा आवाज आला होता.

आणि काकणं. तुम्ही मागं नळावर धुणं घेऊन बसलेल्या असायच्या, इकडं ताट तयार असायचं, मग मी हात झटकून काकणं वाजवायची. हाक मारायची सोय नव्हती, दादा बाहेर बसलेले. काचेच्या काकणांचा तेवढा आवाज तुम्हाला नळाच्या धारेत कसा ऐकू यायचा कोण जाणे. ओल्या हातानं पदर सावरत तुम्ही यायच्या आणि म्हणायच्या, "आले बाई, आले. तुझी काकणं हायत का शाळेची घंटा?"

आता मी शाळेत मुलांना घरी सोडायची घंटा ऐकली तरी मला तुमचं हे बोलणं आठवतं.

माझं लग्न दुष्काळाच्या पाठोपाठ झालं. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापायला घेतली की परातीतच चिरा पडायच्या, उचलून तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. चांदवडला माझ्या आईनं मिलोपुढं हात टेकले होते. तुम्ही टेकले नाहीत. "भाकरी व्हत नाय ना? नको होऊ दे," म्हणालात आणि सगळी मिलो भरडून तिच्या कण्या केल्यात. मी नवी नवरी, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. पहिल्या सकाळी माझ्यापुढं पितळी आली. मी शिरा असेल म्हणून बघितलं, तर तांबूस कण्या, वर ताक. माझा चेहरा पडला असणार.

तुम्ही समोर बसलात आणि म्हणालात, "तोंड पाडू नको. नवरीला समदे पयल्या दिशी गोड घालत्यात. मंग महिन्यानं कण्या पुढं आल्या का तिला माहेर आठवतं. पयल्यापासनं कण्या घातल्या का पुढं काय बी मिळालं तरी गोडच लागतं."

मला तेव्हा हे अजिबात पटलं नाही. सासरच्यांनी लग्नात सगळं उडवून टाकलं आणि आता सुनेला शहाणपण शिकवताहेत, असं वाटलं. पण घास घेतला. गरम, मऊ, आंबूस, आणि लसणाचा वास. पोट भरल्यावर मला जाणवलं, की चांदवड सोडल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर खाल्लंय आणि समोर बसून कुणीतरी ते बघतंय. आजारी माणसाला, थकलेल्याला, रडणाऱ्याला, परीक्षेला जाणाऱ्या छायाला, सगळ्यांना तुमचं औषध एकच. कुणाला काही झालं की तुम्ही आधी आधण ठेवायच्या आणि मग विचारायच्या, काय झालं.

जावा जावा आणि उभा दावा म्हणतात. आपला दावा एकाच गोष्टीवर होता. आमच्या चांदवडकडं कण्या घट्ट, पळी उभी राहील अशा, वर दूध आणि गूळ. तुमच्या पातळ, ताकातल्या, पितळीचा तळ दिसेल अशा. मी करायला बसले की तुम्ही डोकावून विचारायच्या, "बाळंतीण कोण हे घरात?" आणि तुमच्या बघून मी म्हणायची, "अक्का, यात कण्या पोहायला शिकतील." वर्षानुवर्षं हेच. एकदा मी जरा जास्तच बोलले, म्हणाले, तुमच्या पातेल्यात पाणीच पाणी, सायखेड्याला गोदावरी आहे म्हणून काय सगळी इथं आणायची? तेव्हा तुम्ही हसला नाहीत. पळी हलवत म्हणालात, "एकलहऱ्याच्या वीजघरात कोळशात दिवस काढतो माणूस. घशात धूळ बसती. घट्ट उतरत नाय गं."

पातळ कण्या ही तुमच्या हाताची काटकसर आहे असं मी धरून चालले होते, आणि त्या तर दादांच्या घशाच्या मापाच्या होत्या. त्यानंतर दादांच्या पातळ आधी व्हायच्या आणि आपल्या दोघींच्या मागून, घट्ट, माझ्या पद्धतीच्या. तुम्ही खाताना नाक मुरडायच्या आणि पुन्हा वाढून घ्यायच्या. गूळ बरा की ताक, हा निकाल मात्र लागायचा राहिलाच. मी अजून गुळाच्याच बाजूची आहे, अक्का. समोरचा वकील उठून गेला म्हणून मी खटला जिंकला असं म्हणणार नाही, पण माघारही घेणार नाही. तुम्ही असता तर आणखी वीस वर्षं भांडले असते, आणि मला ती वीस वर्षं हवी होती.

तुमचं जातं तसंच कोपऱ्यात आहे. ते सायखेड्याहून आणलंत तो दिवस आठवतो? गिरणीवाला कण्या काढून देतो म्हणून मी किती सांगितलं. तुमचं एकच, गिरणीत कणी भाजून निघते, तिला चव राहत नाही. एस.टी.त पोत्यात घालून जातं चढवलंत. कंडक्टरनं पोतं पायानं सरकवून बघितलं, सरकेना. त्यानं विचारलं, "बाई, यात काय दगड भरलेत?"

"दगडच हायत की. दोन. एकावर एक."

त्याला वाटलं तुम्ही त्याची थट्टा करताय. तो चिडला, लगेजचं तिकीट काढा म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मी खोटं सांगितलं असतं, देव हायत म्हणून, तर पाया पडला असतास." सगळी गाडी हसली आणि मी पदरात तोंड लपवलं. लाज आणि हसू एकदम आलं म्हणजे काय करायचं असतं, हे मला तुमच्याबरोबर फिरूनच शिकावं लागलं.

रविवारी आपण दोघी त्या जात्याला समोरासमोर बसायचो, एका खुंट्यावर दोघींचे हात. ज्वारीला पाण्याचा हात लावून ठेवलेली, मुठीमुठीनं घालायची. तुमची जीभ जात्याबरोबर सुटायची. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाचं लग्न कुठं मोडलं, तुम्हाला मूल झालं नाही तेव्हा कोण काय काय बोललं आणि दादा काय बोलले नाहीत, सगळं मला जात्यावर कळलं. मग चाळायचं, पाखडायचं. पीठ भाकरीला, कण्या डब्यात, कोंडा शेजारच्या शेळीला. गेल्या रविवारी मी एकटीनं बसून बघितलं. समोरून ओढणारा हात नसला की जातं किती जड लागतं, ते तुम्हाला कधी कळलं नसेल. मी येण्याआधी कळलं असेल कदाचित. तुम्ही कधी बोलला नाहीत.

एक गोष्ट मला तुम्हाला नीट विचारायची होती आणि राहून गेली. शाळेत जागा निघाली तेव्हाची. मी जुनी अकरावी झालेले, नोकरी करायची फार इच्छा, पण कर्त्या माणसाचा होकार हवा. ह्यांनी हात वर केले, "दादांना विचार" म्हणाले. आता मी कशी विचारणार? तुम्ही म्हणालात, मी बघते. दादा जेवायला बसले होते. मी आत पंपाचा स्टोव्ह पेटवलेला, त्याची घरघर चालू. पडद्याच्या फटीतून मला नुसती तोंडं हलताना दिसत होती, म्हणजे तुमचंच हलत होतं, दादांचं नव्हतं. स्टोव्ह बंद करावा तर कान लावून बसले असं दिसेल. मग तुम्ही आत आलात आणि ऐटीत म्हणालात, "ते म्हणत्यात, खुशाल जाऊ दे. शिकलेलं घरात कुजवू नये. आमच्या घरात शिकलेली सून हे, याचा मला अभिमान हे."

मला भरून आलं. पण मी शिकलेली होते ना, मला शंका आली. दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस एवढं बोलला? मी म्हटलं, "अक्का, खरंच असं म्हणाले?"

तुम्ही पितळी विसळत म्हणालात, "म्हणाले म्हंजी काय, मान हलवली. त्या मानंत एवढं समदं होतं."

त्या मानेच्या हलण्यावर मी इतकी वर्षं नोकरी करतेय. आजपर्यंत मी दादांना जे दादा समजत आले, ते प्रेमळ, कौतुक करणारे, "सुमनच्या हाताला चव हे" म्हणणारे दादा, त्यातले त्यांचे किती आणि तुमचे किती, हे मला विचारायचं होतं. पुढच्या रविवारी जात्यावर विचारू म्हणून मी ठेवून दिलं. असे किती रविवार गेले.

आता परवाची गोष्ट. मी शाळेतून नुकतीच आले होते. बाहेर रिक्षा थांबली आणि दादांना दोघा कामगारांनी धरून आत आणलं. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याजवळ भोवळ येऊन खाली बसले म्हणे. पट्ट्यावर पडले नाहीत, बाजूला बसले, हे नशीब. वाटेत डॉक्टरला दाखवलं होतं. त्या कामगारांनी दारातून मला सांगितलं, "डॉक्टर म्हणले, पोटात आधीची जखम हे यांच्या. पोट रिकामं ठेवू नका. पेज द्या, कण्या द्या, पातळ काय बी द्या, पण पोटात गेलं पायजे. नायतर ॲडमिट करावं लागल, आन् मंग काय खरं नाय." ते गेले. दादा खाटेवर, डोळे मिटलेले, कोळशाची काळी रेघ कपाळावर तशीच.

मी काय केलं, अक्का? मी डोक्यावर पदर ओढला, पटकन पडद्याआड गेले, आणि काकणं वाजवली.

वाजवली आणि उभी राहिले. वाट बघत. नळावर पाणी चालू होतं, कुणीतरी बादली भरत होतं. मी पुन्हा वाजवली. मग माझ्या लक्षात आलं, मी कुणाला बोलावतेय. मी तिथंच फरशीवर बसले आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी मी इतकी रडले नव्हते. त्या दिवशी करायला फार काम होतं.

संध्याकाळी ह्यांनी दोन चमचे पेज पाजली, ती दादांनी घेतली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दुकानाला गेले, छाया शाळेला गेली, मी रजा टाकली. कण्या केल्या. पातळ, तुमच्यासारख्या, तळ दिसेल अशा. ताक घातलं, लसूण ठेचला. पितळी पडद्याखालून बाहेर सरकवली आणि आत बसून ऐकत राहिले. चमच्याचा आवाज नाही. पितळी ओढल्याचा आवाज नाही. कण्यांवर साय धरायला लागली असेल, ताक बाजूला सुटायला लागलं असेल, हे मला आतून दिसत होतं. मी भिंतीला सांगितलं, "निवताहेत म्हणावं." भिंतीनं पुढं सांगितलं नाही. शिकलेली बाई मी, घरात माणूस उपाशी मरतोय आणि मी भिंतीशी बोलतेय. एवढा संताप आला मला. दादांचा आला, रीतीचा आला, सगळ्यात जास्त तुमचा आला. सगळा कारभार स्वतःच्या हातात ठेवायचा आणि मध्येच उठून जायचं, ही कुठली पद्धत?

मी उठले, पडदा सारला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. पदर डोक्यावर होता, तेवढी रीत राहिली.

"दादा," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "मी रोज करते आणि रोज तुम्ही तशाच ठेवता. अक्का असत्या तर त्यांनी ही पितळी तुमच्या डोक्यावर पालथी केली असती. मला ते जमायचं नाही. पण तुम्ही खाल्लं पाहिजे. घरात आधीच एक माणूस कमी झालंय. आणखी एक गेलं तर मी काय करायचं? सांगा ना, मी काय करायचं?"

वाटलं, आता दादा उठून सायखेड्याला निघून जातील. दादांनी वर बघितलं नाही. ते पितळीकडं बघत राहिले. मग बोलले, आणि अगदी सरळ, जणू आम्ही रोज बोलतो.

"तू सांगितलेलं मी कधी मोडलं का?"

मला काही कळेना.

"बिडी सोडा म्हणालीस, सोडली. नाकाला फडकं बांधून कोळशावर जा म्हणालीस, बांधतो. समदे हसत्यात, नवरी म्हणत्यात मला. तरी बांधतो. ती म्हणायची, सुमननं पुस्तकात वाचलंय, शिकलेल्या माणसाचं ऐकावं." त्यांनी नाक पुसलं. "ती गेल्यापासनं तुझा काय सांगावाच आला नाय. मला वाटलं, तू बी नाराज हायेस. मी तिला येळंवर दवाखान्यात नेलं नाय म्हणून."

अक्का, मी हे कधीच म्हणाले नव्हते. बिडीचं नाही, फडक्याचं नाही. दादा बिडी ओढायचे आणि सोडली, हेही मला आत्ता कळलं. तुमचं त्यांनी ऐकलं नसतं म्हणून तुम्ही माझं नाव पुढं केलंत. त्यांची मान हलली की तुम्ही मला भाषण सांगायच्या, आणि मी काहीच बोलले नाही तरी त्यांना माझा सांगावा द्यायच्या. इतकी वर्षं या माणसाच्या मनात एक सुमन आहे, त्याची काळजी करणारी, पुस्तकातलं शोधून सांगणारी, आणि ती मी नाही. ती तुम्ही आहात, माझ्या नावाची. तुम्हाला दवाखान्यात न्यायला उशीर केला म्हणून ती सुमन त्यांच्यावर रागावलीय, असं धरून हा माणूस उपाशी बसला होता.

मी मागं वळले. खरंच वळले, अक्का, पडद्याकडं, तुम्हाला विचारायला की आता काय म्हणू.

मग मी वळून म्हटलं, "नाराज नाही, दादा. तुम्हाला कळलं तसं लगेच नेलं. त्यात उशीर कुणाचाच नव्हता. आणि बिडीचं मी सांगितलं होतं ते बरोबरच होतं. तसंच हेही पुस्तकात आहे, पोटाला जखम असली की पोट रिकामं ठेवायचं नाही. मी सांगतेय म्हणून खा."

त्यांनी पितळी जवळ ओढली. निवलेल्या कण्या, ताक सुटलेलं, साय धरलेली. मी गरम करून देते म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले. खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या, बोटानं पितळी पुसून घेतली. मी दारातच बसून होते, तुम्ही बसायच्या तशी, बघत. मग म्हणाले, "छायाचं बी तू म्हणालीस तसंच करू." आणि मान हलवून आडवे झाले.

छायाचं काय? मी काय म्हणाले होते छायाचं? पुढं शिकवायचं म्हणाले होते, की लग्न लवकर करायचं नाही म्हणाले होते, की आणखी काही? "मी म्हणाले तसंच" म्हणजे कसं, हे त्यांना आता कुठल्या तोंडानं विचारू? अक्का, माझ्या नावावर तुम्ही त्या माणसाला आणखी काय काय सांगून ठेवलंय? दादा आता माझ्याशी बोलणार, रोज पितळी पुढं घेऊन बोलणार, आणि मला मी काय काय म्हणाले ते माहीत नाही. रविवारी ज्वारीला पाण्याचा हात लावून ठेवते. तेवढं सांगायला तरी एकदा या.